अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर

स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट आता टाचणीपासून फक्त चार सेंटिमीटर दूर होती.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर घेतला आणि पट्टी लावून पुन्हा एकदा मोजलं. चारच. म्हणजे चार किलोमीटर. एकोणपन्नास दिवसांपूर्वी मुख्य दाराच्या कडीपाशी खोचलेली लाल डोक्याची टाचणी पुढच्या खोलीची भिंत संपवून, पुस्तकांच्या कपाटाला वळसा घालून, बोळातून आणि फ्रिजच्या पाठीमागून (तिथले पन्नास-साठ किलोमीटर सगळे अंदाजानेच चालले होते) आज ओट्यावर येऊन ठेपली होती. आठशे बारा किलोमीटरचा रस्ता. वाटेतली गावं, फाटे, पूल, चढ-उतार, सगळं अण्णांनी कागदाच्या पट्ट्या जोडून स्वतःच्या हाताने काढलेलं. चाळीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या, पण स्वतःच्या घरात रस्ता आणायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

खिडकीच्या चौकटीपाशी रस्ता जिथे संपत होता तिथे एक चौकोन होता. ताईचं हॉस्पिटल. आईने एकदा अण्णांची पेन्सिल ढापून त्या चौकोनाला दार काढलं होतं आणि दारात एक ठिपका. "ही माझी पोरगी. दारात उभी आहे," असं म्हणाली होती, आणि अण्णांनी नकाशात खाडाखोड चालत नाही हा नियम त्या दिवसापुरता गिळला होता.

"अहो, चहा गार होतोय," आई आत्ताही मागून म्हणाली. "टाचणी काय तुमच्याकडे बघून पुढे सरकणार आहे का?"

"संध्याकाळी पाचला पोचायचंय. चार किलोमीटरचे साडेचार निघाले तर?"

"निघाले तर मी पळेन," आई म्हणाली. एकोणसत्तराव्या वर्षी तिने आयुष्यातले पहिले खेळाचे बूट घातले होते, पांढरे, गुलाबी लेसचे. ते ती आता आंघोळीपुरतेच काढायची. दोन महिन्यांपूर्वी दुकानापर्यंत जायला रिक्षा लागणारी बाई रोज जेवणाच्या टेबलाभोवती तीन हजार पावलं चालत होती. शंभर फेऱ्या सुलट्या, शंभर उलट्या. उलट्या कशाला, तर डोकं गरगरू नये म्हणून.

या सगळ्याचं खूळ दादाचं. साथीमुळे सगळं बंद झालं आणि पहिल्याच आठवड्यात ताईने फोनवर रडून घर डोक्यावर घेतलं. आठ-आठ तास तो संरक्षक पोशाख चढवून वॉर्डात उभं राहायचं, मग वसतिगृहाच्या खोलीत एकटं. कोणी यायचं नाही, कुठे जायचं नाही. "मला झोपच येत नाही. सकाळी वाटतं, उठूच नये," ती म्हणाली होती. तेव्हा वरच्या मजल्यावरून दादा गरजला होता, "मग आम्ही येतो तुझ्याकडे. चालत!" दादा पोहण्याचा मास्तर. तलावाच्या शर्यतींच्या बक्षिसांसाठी आणलेला, पावलं मोजणाऱ्या मनगटी पट्ट्यांचा खोका तो तलाव बंद झाला तेव्हा घरी घेऊन आला होता. तोच खोका त्याने जिन्यात ठेवला. प्रत्येकाने घरात, जिन्यात, गच्चीवर जमेल तसं चालायचं. संध्याकाळी आकडे जिन्यातून ओरडून सांगायचे. अण्णांनी फीत लावून प्रत्येकाचं पाऊल मोजून ठेवलं होतं. आईचं अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, दादाचं सत्तर. गुणाकार करायचा आणि टाचणी सरकवायची.

आज अण्णांच्या डोक्यात एक दाखला होता. शिक्क्याचा, सहीचा. पाच वाजता ताईला फोनवर वाचून दाखवायचा. अमुक इतक्या जणांनी अमुक इतकं अंतर प्रत्यक्ष चालून पार केल्याचं प्रमाणित करण्यात येते. त्यासाठी ते रोजच्या आकड्यांची वही घेऊन बसले आणि प्रत्येकाची बेरीज करू लागले.

दादाच्या रांगेपाशी त्यांची पेन्सिल अडली.

पहिले तीस दिवस नऊ हजार, अकरा हजार, एकदा तर चौदा. मग एकदम पाच हजार नऊशे. ते त्यांना तेव्हाही दिसलं होतं. मन लागत नसेल, म्हणून सोडून दिलं होतं. पण आज पहिल्यांदाच त्यांनी दादाची आणि सुनेची रांग शेजारी-शेजारी धरली. पाच हजार नऊशे बारा, पाच हजार नऊशे सात. पाच हजार आठशे चाळीस, पाच हजार आठशे एकेचाळीस. पाच हजार सातशे नव्वद आणि पाच हजार सातशे नव्वद.

एकोणीस दिवस.

दोन माणसांनी एकच शेत मोजलं तरी आकडे कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळले, की समजायचं, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. हे त्यांनी कितीतरी नव्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि जिन्याचं दार उघडलं. "अगं सूनबाई, जरा खाली येतेस का?"

*

वहिनी येताना गुणगुणत होती. आज सगळेच गुणगुणत होते. ती नियमाप्रमाणे पाचव्या पायरीवर थांबली. दादा आधी सगळ्यांचं सामान आणायला बाहेर जायचा, म्हणून म्हाताऱ्यांच्या घरात त्या दोघांनी पाऊल टाकायचं नाही असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, आणि पुढे सामान दुकानवाला जिन्याखाली आणून ठेवू लागला तरी नियम तसाच राहिला होता.

"अण्णा, चार राहिलेत ना? मी सकाळीच हजार टाकलेत."

"हजार एकदा टाकलेस की दोनदा?"

आईला प्रश्न कळला नाही. पण वहिनीचा चेहरा कळला. आणि मग आईची नजर सुनेच्या हातांवर गेली. सात आठवडे गच्चीवरच्या उन्हाने ते कोपरापर्यंत रापले होते. डाव्या मनगटावर पट्टा होता. उजव्यावर काहीच नव्हतं. पण तिथे पट्ट्याएवढ्याच रुंदीची एक गोरी पट्टी राहिली होती.

"अगं, हे काय?" आईने विचारलं. "दोन्ही हातांत?"

वहिनी एरवी दाताच्या दवाखान्यात कामाला. घाबरलेल्या पेशंटला 'काही नाही हं, मुंगी चावल्यासारखं होईल' असं सांगायची तिला सवय. आत्ता तिला स्वतःला सांगायला काही सुचेना. ती पायरीवर मटकन बसली.

"तो उठत नाही," ती म्हणाली.

"कोण उठत नाही?"

"तुमचा मुलगा. तलावाच्या रखवालदाराने फोटो पाठवला त्याला. पाणी सोडून दिलंय सगळं. कोरडी फरशी आणि पाला. कधी उघडणार ते माहीत नाही म्हणाले. त्या दिवशी जो झोपला तो झोपलाच. आंघोळ नाही, दाढी नाही, दोन घास खातो. उद्या, उद्या म्हणतो."

"एकोणीस दिवस!" आईचा आवाज जिनाभर घुमला. "वर माझा मुलगा अंथरुणाला खिळलाय आणि मी खाली टेबलाभोवती नाचतेय? आणि तू रोज काय सांगायचीस? 'पहाटे चालून आला, आता झोपलाय'! दात काढताना असंच खोटं बोलतेस का गं लोकांशी?"

"आई, ताई रोज विचारते. 'दादा किती चालला?' दुसरं काही विचारतच नाही. तो चालतोय म्हणून मी उठते, असं म्हणते. मी तिला काय सांगू? आणि एकदा त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं असतं ना, मग..." ती थांबली. "मला ते शून्य बघवलं नसतं."

अण्णा इतका वेळ वही छातीशी धरून उभे होते. "त्याची पावलं तुझी. पण मोजली त्याच्या मापाने," ते हळूच म्हणाले. "सत्तरच्या हिशेबाने. अठ्ठ्याहत्तर किलोमीटर होतात."

"होतात तर होऊ देत!" आई म्हणाली.

"टाचणी मागे घ्यावी लागेल."

आई गर्रकन वळली. क्षणापूर्वी ती सुनेवर कडाडत होती. आता तिने एका पावलात बाजू बदलली. "खबरदार टाचणीला हात लावलात तर! ती पोरगी तिकडे पाच वाजता बँडेजची फीत धरून उभी राहणार आहे. सोळा नर्सेसना गोळा केलंय तिने. तिला सांगणार तुम्ही, की आम्ही वाटेतच आहोत?"

"न पोचता पोचलो म्हणायचं?"

"हो! म्हणायचं! या बिचारीने दोन हातांनी ओढत आणलंय सगळ्यांना."

"दोन हातांनी चालत नाहीत. पायांनी चालतात."

"ट्यँऽऽ!" असा कोणाचा तरी सूर आतून आला. तो बाळाचा होता, आणि त्याच्यामागून धाकटी. चार महिन्यांचं बाळ घेऊन दोन आठवड्यांसाठी माहेरी आलेली ती इथेच अडकली होती. नवरा जहाजावर, जहाज कुठल्याशा बंदरात. बाळ खांद्यावर घेऊन चाललं तरच झोपायचं, बसलं की डोळे उघडायचं. त्यामुळे वहीत सगळ्यात जास्त पावलं तिचीच होती, आणि ती बिनबोभाट पडलेली होती.

"काय चाललंय? आत्ता डोळा लागत होता त्याचा."

आईने सांगितलं. अण्णांनी मध्येच दुरुस्त केलं. धाकटी बाळाची पाठ थोपटत ऐकत राहिली आणि चकित झाली नाही. ते आईच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"पहाटे पाच वाजता मी जागीच असते, आई. रोज. गच्चीच्या दाराची कडी केवढी करकरते! पहिले तीस दिवस वाजायची. नंतर नाही वाजली." तिने वहिनीकडे पाहिलं. "मला वाटायचं, वहिनी सांगेल तेव्हा सांगेल. आणि खरं सांगू? मलाही बरं वाटायचं त्याचा आकडा ऐकून. कधीकधी पहाटे हा रडत असतो आणि मला वाटतं, मी पण रडते आता शेजारी बसून. मग म्हणायचे, दादा चालला नसला तरी त्याच्या नावाने कोणीतरी चालतंय."

बाळाने तेवढ्यात एक मोठी ढेकर दिली.

"थांबा," आई एकदम म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले. "थांबा हं. एकोणीस दिवस तो घराबाहेर पडलेला नाही?"

"नाही."

"कोणाला भेटला नाही? काही आणायला गेला नाही?"

"आई, सांगते ना, पलंगावरून..."

"आणि तू?"

"मी गच्चीवर. दुसरीकडे कुठे नाही. सामान खालीच येतं."

"मग त्याच्याइतका निर्धोक माणूस अख्ख्या गावात सापडायचा नाही!" आई ओरडली. "आणि मी त्याला सात आठवडे जिन्यातून बघतेय! अहो, बघताय काय? नियम तुमचाच होता ना? बाहेर जाऊन आल्यावर चौदा दिवस? एकोणीस झाले! जा गं, आण त्याला खाली. आत्ता!"

अण्णांनी मनातल्या मनात एकोणीसमधून चौदा वजा केले. नियमात बसत होतं. त्यांनी मान हलवली. पण वही काही त्यांनी खाली ठेवली नाही.

*

खोलीत पडदे ओढलेले होते आणि पंख्याचा आवाज होता. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनीला रोज आत येताना आधी त्याची पाठ दिसायची. ती रुंद, पोहून पोहून कातलेली पाठ. याच पाठीमागे शंभर पोरं बदकांसारखी तलावाच्या काठाने चालायची. हाच माणूस मोठ्यांना दरडावून सांगायचा की शरीर हलतं ठेवा, डोकं आपोआप जागेवर येतं. कधी व्यायाम न केलेलं त्याचं सगळं घर आता चालत होतं, आणि तो झोपला होता.

"कळलं त्यांना," ती म्हणाली.

"काय?"

"तू चालत नाहीयेस ते."

"मग आत्तापर्यंत काय माहीत होतं?" तो भिंतीलाच म्हणाला. "माझं नाव काढलं असेलच ना कधीचं."

तिने खिशातला दुसरा पट्टा काढून उशीवर ठेवला. त्याने मान वळवली. पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे.

"हा तर कपाटात होता."

"एक दिवस होता."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो कोपरावर उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात राग होता, आणि वहिनीला तो राग ऐकून बरं वाटलं.

"माझ्या नावाने? मला न विचारता?"

"तू झोपला होतास. कोणाला विचारू?"

"ताईला काय सांगत होतीस?"

"की दादा चालतोय."

"आणि ती?"

"ती उठत होती."

मग त्याने तिचा उजवा हात हातात घेतला आणि त्या गोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"दोन्ही बांधून काय वाटायचं तुला?"

"पहिल्या दिवशी चोरी केल्यासारखं. मग..." तिला शब्द शोधावा लागला. "मग वाटायचं आपण दोघं जातोय. वर मी मोठमोठ्याने बोलायचे पण. शेजारच्या गच्चीवरचे हल्ली मला बघून आत जातात."

त्याच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला आणि परत थांबला.

"अण्णा टाचणी मागे घेतायत," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर किलोमीटर."

"अठ्ठ्याहत्तर?"

"तुझे."

"आज पाचला ती फीत धरून..."

"हो."

तो उठून बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. पाय पलंगाखाली सोडले आणि फरशीला तळवे टेकवून तसाच बसला. जणू फरशी किती खोल आहे हे त्याला बघायचं होतं.

"आईला सांग, दाढी करून येतो," तो शेवटी म्हणाला. "आणि त्यांना म्हणावं, फोनवर कोणी काही बोलायचं नाही. मी सांगेन."

खालून आईचा आवाज आलाच. "किती वेऽऽळ? एकोणीस दिवसांचा आंघोळीचा शिल्लक साठा एकदम काढतोय का तो?"

*

तीस पायऱ्या. रोज तलावाच्या शंभर फेऱ्या मारणाऱ्या दादाला तीस पायऱ्यांना कठडा धरावा लागला. मागून वहिनी येत होती, आधार न देता, फक्त मागे.

दारात आई उभी होती. तिच्या पायात बूट होते. त्याचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

"गुलाबी लेस?"

"गप रे!" आई म्हणाली आणि तिने त्याला धरलं. ती त्याच्या छातीपर्यंतच यायची. तिने त्याला इतकं घट्ट धरलं की त्याला श्वास नीट घेता येईना, आणि त्याला तो घ्यायचाही नव्हता. "केवढा वाळलास! हाडं टोचतायत. आणि मी मेली आकडा ऐकून खूश व्हायचे, की चांगला चालतोय माझा मुलगा."

"आई, सोड. पाच वाजतायत."

"वाजू देत. थांबतील."

तो आत आला. भिंतीवरचा रस्ता त्याने फक्त पुढच्या खोलीपर्यंत पाहिला होता, तोही दारातून. आता तो दाराच्या कडीपासून बोट टेकवत निघाला. कपाटाचा वळसा. बोळ. इथे एका गावाच्या नावाशेजारी धाकटीने लिहिलं होतं, 'बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं'. तिथे आईने, 'गुडघा दुखला, तरी गेले'. एका चढावर अण्णांच्या बारीक अक्षरात, 'आज कोणीच बोलेना. तरी अठरा कि.मी.' फ्रिजमागे बोट जाईना. पलीकडून परत रस्ता लागला. त्याला धाप लागली होती.

अण्णा ओट्यापाशी उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मागे घेतली नाही अजून," अण्णा म्हणाले. "तू येईपर्यंत थांबलो."

साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला.

आधी नुसता गोंगाट आला. मग वसतिगृहाचं फाटक, त्यावर आडवी ताणलेली बँडेजची फीत, अंतर राखून उभ्या असलेल्या तोंड बांधलेल्या पोरी, कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात पळी, आणि मधोमध ताई. मुखपट्टीवर फक्त डोळे, पण डोळ्यांनीच ती नाचत होती. "पोचलात? किती राहिले? अय्या, दादा! दादा, तू आत? आईच्या स्वयंपाकघरात? दाढी केलीस! माझ्यासाठी?"

"ताई," दादा म्हणाला. "ऐक. आम्ही पोचलेलो नाही."

ताटं वाजायची थांबली.

त्याने सांगितलं. लांबण न लावता. तलावाचा फोटो, पलंग, एकोणीस दिवस, दुसऱ्याच्या हातातला पट्टा. तो बोलत असताना आईने एकदा तोंड उघडलं तर धाकटीने तिच्या हातात बाळच दिलं. ताईचे डोळे हलेनात. फीत धरलेल्या दोन पोरींनी ती हळूच सैल सोडली.

"म्हणजे," ताई म्हणाली, "मी रोज सकाळी तुझ्या जोरावर उठत होते, ते कोणाच्या?"

"माझ्या," वहिनी म्हणाली. "आणि मी तुझ्या. तू विचारायचीस म्हणून मी वर जायचे."

ताईने मुखपट्टीवरूनच नाक पुसलं. मग ती मास्तरीणबाईसारखी सरळ झाली. हा तिचा वॉर्डातला आवाज होता, घरच्यांनी तो आधी कधी ऐकला नव्हता. "दादा, झोप लागते?"

"दिवसा."

"जेवण?"

"बरं."

"खोटं. मरून जावं असं वाटतं?"

आईने श्वास रोखला. दादाने फोनकडे पाहिलं. "नाही. उठू नये असं वाटतं."

"मला वाटायचं तसं. इथे आमच्यासाठी एक डॉक्टर बाई आहेत, फोनवर बोलतात. मी बोलते त्यांच्याशी दर गुरुवारी. तुला सांगितलं नव्हतं. म्हणजे आपण दोघंही चोरच. उद्या दहाला त्यांचा फोन येईल, उचलायचा."

"उचलतो."

"चालून सगळं बरं होत नाही, कळलं का? तूच सांगत फिरायचास, शरीर हलतं ठेवा. ठेवायचं, पण बोलायचं पण."

"उचलतो म्हटलं ना, बाई!"

"आता अंतराचं," ताई म्हणाली. "मी वॉर्डात दिवसाला दहा किलोमीटर चालते. ते धरा. आठ दिवसांत फिटलं."

"तू वॉर्डात गोल गोल फिरतेस," अण्णा म्हणाले. "ते या रस्त्यावर धरता येत नाहीत."

"आणि आई टेबलाभोवती सरळ जाते का?"

तिकडे सोळा जणी खो-खो हसल्या. इकडे आई हसता हसता बाळाला हलवू लागली आणि बाळ जोराने किंचाळलं. एकूण चाळीस वर्षांच्या नोकरीत अण्णांपुढे असा बिनतोड मुद्दा कोणी टाकला नव्हता.

"नको, ताई," दादा म्हणाला. "ते माझे आहेत. मीच चालणार. अण्णा, घ्या मागे."

अण्णांनी टाचणी उपटली. पट्टी लावली आणि मागे मागे मोजत आले. दहा. तीस. पाणी गाळायच्या यंत्राच्या वर साठ. आई दुसरीकडे बघत होती. अठ्ठ्याहत्तरवर त्यांनी टाचणी खोचली, आणि धाकटीने फोन उचलून भिंतीजवळ धरला, म्हणजे ताईलाही दिसावं.

टाचणीच्या पुढेच, जेमतेम एका नखाच्या अंतरावर, निळ्या पेन्सिलीची एक रेघ रस्त्याला आडवी गेली होती.

"हे काय?" दादाने विचारलं.

"नदी."

तो वाकला. नाक भिंतीला लागेल इतका वाकला. "रुंद आहे?"

"चारशे दहा मीटर," अण्णा म्हणाले. "वर पूल आहे. दगडी."

"पाणी आहे तिला?"

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. "बारा महिने."

दादा सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं होतं. वहिनीला ते आधी दिसलं, मग आईला.

"मग तुम्ही सगळे पुलावरून जा," तो म्हणाला. "मी पोहून येतो."

एक क्षण कोणालाच कळेना की हसायचं का. मग वहिनी हसली. ओढणी तोंडावर घेऊन, खांदे हलवत, आणि तिला थांबताच येईना.

"पोहलेलं धरता येणार नाही," अण्णा म्हणाले. नियम तो नियम. "पावलं धरायची ठरलंय."

"नका धरू. ते चारशे दहा फुकट."

"दादा!" फोनमधून ताई ओरडली. मागे परत ताटं वाजायला लागली होती. तिने सैल पडलेली फीत भराभर गुंडाळायला घेतली होती. "मी त्या काठावर टॉवेल घेऊन उभी राहते!"